पंचगंगेचे पाणी आणि लाकडावरची बुरशी

बुरशी म्हटली की आपण नाक मुरडतो. लोणच्याच्या बरणीत ती दिसली की बरणी थेट उकिरड्यावर जाते. उसावर आली तर ती काणी, गव्हावर आली तर तांबेरा, द्राक्षावर आली तर भुरी. शेतकऱ्याच्या तोंडी तिची जेवढी नावे आहेत ती बहुतेक शिव्याच आहेत. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या छत्रीला तर आपण कुत्र्याच्या नावाने ओळखतो!

अशा या बुरशीविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या सांगणारा इतिहास शिकवणारा माणूस आहे. तुम्ही म्हणाल, शिवछत्रपती आणि शाहू महाराज सोडून याला बुरशी कुठे सापडली? पण इतिहास केवळ राजांचा नसतो. कापडाला इतिहास असतो, साबणाला असतो, नदीच्या पाण्याला तर असतोच असतो. कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे तीनही इतिहास एकाच जागी भेटतात. ती जागा म्हणजे पंचगंगा.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती अशी आपली पंचगंगा. प्रयाग चिखलीला संगम होतो, पुढे कोल्हापूरचा घाट येतो, मग इचलकरंजी, शिरोळ, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. अंतर फार नाही. पण वर स्वच्छ निघालेली नदी वाडीला पोहोचेपर्यंत काय काय पोटात घेते, हे शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारावे. कोल्हापूरचा जयंती नाला, इचलकरंजीचा काळा ओढा, गावोगावचे सांडपाणी, आणि उन्हाळ्यात त्यावर पसरलेला जलपर्णीचा हिरवा गालिचा.

हे सारे कधी सुरू झाले? एका दिवसात नव्हे. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग उभा केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला आश्रय होता. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणीचा पाया घातला. गंमत अशी की या दोन सालांच्या बरोबर मधल्या साली, १९०५ मध्ये, लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने एका व्याख्यानात 'हार्मोन' हा शब्द प्रथम वापरला. इकडे माग सुरू झाला, तिकडे शब्द जन्मला. या दोघांची गाठ पुढे पडेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्या काळच्या मागावरचे कापड धुवायला काय लागत होते? रिठा, सोडा, साबण. रंगासाठी पूर्वी नीळ होती, मंजिष्ठ होती, हळद आणि हिरडा होता. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि हळूहळू वनस्पतींचे रंग मागे पडले. धुण्याच्या बाबतीत पालट आणखी उशिरा झाला. १९४० नंतर बाजारात नवी धुलाईची द्रव्ये आली. त्यांतल्या एका कुळाचे नाव लांबलचक आहे, नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट. नाव लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण काम लक्षात ठेवा. सुतावरचा तेलकटपणा आणि खळ काढायची, कापडात पाणी आणि रंग सारखा मुरवायचा, लोकर धुवायची, हे काम ती फार स्वस्तात आणि फार चांगले करतात. म्हणून जगभरच्या कापडधंद्याने ती उचलली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. साबणापेक्षा चांगला साबण मिळाला, तो घेतला.

आता हार्मोनकडे वळू. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. शरीरातल्या ग्रंथी रक्तात अगदी थोडासा रस सोडतात आणि तो दूरच्या अवयवाला निरोप पोहोचवतो. मुलाला मिसरूड फुटते, गाय माजावर येते, कोंबडी अंडे धरते, हे सगळे या निरोपांवर चालते. निरोप पोहोचतो तो कुलूप-किल्लीच्या न्यायाने. पेशीत कुलूप असते, संप्रेरक ही किल्ली. किल्ली बसली की कुलूप उघडते. तिचे प्रमाण किती लहान असते म्हणाल तर विहिरीत चिमूटभर मीठ टाकावे आणि त्याचीही चव लागावी, असा हा प्रकार.

कुलूप आले की बनावट किल्लीही आलीच. लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी ही किल्ली मुद्दाम शोधायला घेतली. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे काम करील असे स्वस्त रसायन त्यांना हवे होते. १९३६ साली त्यांनी ज्या पदार्थांची परीक्षा केली त्यांत बिसफेनॉल-ए हा एक होता. तो थोडेफार काम करतो असे दिसले, पण १९३८ मध्ये त्यांना त्याहून कितीतरी जोरकस पदार्थ मिळाला, डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल. हा दुसरा पदार्थ औषध म्हणून अमेरिकेत लक्षावधी गरोदर स्त्रियांना देण्यात आला. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की त्या मातांच्या मुलींना वयात आल्यावर एक दुर्मीळ कर्करोग होत आहे. औषध आईने घेतले, भोगले मुलीने, आणि तेही पंधरा-वीस वर्षांनी! मागे पडलेला तो बिसफेनॉल-ए मात्र औषध झाला नाही. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत त्यापासून काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक बनले, आणि ज्याच्या अंगात संप्रेरकाचा गुण असल्याचे १९३६ पासून छापील नोंदीत होते, तोच पदार्थ पुढे बाळाच्या दुधाच्या बाटलीत जाऊन बसला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या गोष्टीचे फार नवल वाटते. माहिती नव्हती असे नाही. माहिती एका कपाटात होती आणि कारखाना दुसऱ्या गावात.

डीडीटीची कथा तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरने १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला, १९४८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली आणि फवारणीवाले घराच्या भिंतींवर पांढरे पट्टे उठवून जाऊ लागले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९६५ च्या आसपास तो आकडा लाखाच्या घरात आला. एवढे उपकार त्या पावडरीने केले, हे विसरून तिला नुसती शिवी देणे बरोबर नाही. पण १९६२ साली रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने दुसरी बाजू उघड केली. डीडीटी कुजत नाही. ते मातीतून किड्यात, किड्यातून पाखरात, पाखरातून घारीत साठत जाते. भारताने १९८९ मध्ये शेतीतला त्याचा वापर बंद केला. ते संप्रेरकांच्या कारभारातही ढवळाढवळ करते, हे पुढच्या काळात कळत गेले.

आणि आता ते लांबलचक नावाचे धुलाईचे द्रव्य. याचा उलगडा झाला तो एका अपघाताने. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोननशाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करीत होते. इस्ट्रोजेन दिले तरच वाढणाऱ्या या पेशी एकाएकी काही न देताच वाढू लागल्या. चूक शोधता शोधता ते प्लॅस्टिकच्या नळ्यांपर्यंत पोहोचले. त्या नळ्यांतून एक पदार्थ पाझरत होता, नोनिलफेनॉल. १९९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विंगस्प्रेड येथे निरनिराळ्या शाखांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले, आणि संप्रेरकांचा घोटाळा करणारी रसायने हा एक स्वतंत्र विषय म्हणून जगापुढे आला.

इकडे इंग्लंडमध्ये मासे पकडणाऱ्यांना नद्यांत विचित्र मासे मिळत होते, ना धड नर ना धड मादी. ब्रुनेल विद्यापीठाच्या जॉन समटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात नर ट्राउट मासे घालून ते नद्यांत सोडले. मादीच्या अंड्यात जो बलक असतो, त्याचे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होते. नराच्या रक्तात ते जवळजवळ नसते. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या खाली ठेवलेल्या नरांच्या रक्तात ते भरपूर सापडले. ज्या नद्या तपासल्या त्यांत सर्वांत वाईट निघाली ती यॉर्कशरमधली एअर नदी. का? तर तिच्या काठी लोकर धुणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्या नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट वापरीत होत्या. कापडगिरण्यांचा मुलूख, त्यामधून वाहणारी नदी, आणि तिच्यातले मासे. इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणताना आपण छाती फुगवतो. मँचेस्टरच्या शेजारच्या यॉर्कशरमध्ये काय घडले तेही त्याच तोंडाने सांगायला हवे.

मघाशी मी म्हणालो, शुद्धीकरण केंद्राच्या खाली. हा शब्द नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. पाणी न शुद्ध करता सोडले असते तर गोष्ट वेगळी. इथे शुद्ध केलेल्या पाण्यात हे घडत होते! झ्यूरिकच्या वाल्टर गिगर यांनी १९८४ मध्येच याचे कारण दाखवून दिले होते. धुलाईच्या द्रव्याचा रेणू म्हणजे एक डोके आणि त्याला लांब शेपूट असे समजा. शुद्धीकरणाच्या टाकीतले जिवाणू शेपूट आवडीने खातात आणि डोके टाकून देतात. हे डोके म्हणजेच नोनिलफेनॉल. शेपूट असताना किल्ली कुलपात नीट बसत नव्हती. शेपूट गेली, आता ती जास्त चांगली बसते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, गाळाला चिकटते, आणि गाळ खत म्हणून शेतात जातो. म्हणजे अर्धवट साफसफाईने पाणी दिसायला स्वच्छ झाले आणि गुणाने वाईट. आपल्याकडे अर्धवट वैद्याची जी ख्याती आहे, तीच या जिवाणूंची.

पंचगंगेच्या संदर्भात हे ध्यानात घ्यायला हवे. आपले डोळे रंग पाहतात. ओढा लाल वाहिला की आपण ओरडतो, काळा वाहिला की मोर्चा काढतो, मासे मेले की वर्तमानपत्रात फोटो येतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली, तेव्हा सगळा जिल्हा हादरला. ते दुखणे आठवड्यात दिसले. नोनिलफेनॉलला रंग नाही, आणि ज्या प्रमाणात ते नदीत असते त्या प्रमाणात वासही नाही. आज प्यायले आणि उद्या पोट दुखले असे होत नाही. म्हणून रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे जेव्हा कोणी सांगेल तेव्हा सरपंचाने, शिक्षकाने, पाणीपुरवठ्याच्या समितीवर बसलेल्या बाईने पुढचा प्रश्न विचारावा: रंगाबरोबर आणखी काय गेले, आणि काय राहिले?

असो. आता बुरशीकडे.

झाड उभे राहते ते लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे. उसाचे पाचट, ज्वारीचे धाट, बाभळीचे लाकूड, सगळ्यांना कणखरपणा देते ते हेच. हे द्रव्य म्हणजे फेनॉलसारख्या कड्यांचे गुंतागुंतीचे जाळे, ज्याला ना सरळ धागा ना ठरलेला टाका. जनावराच्या पोटात ते पचत नाही, बहुतेक जिवाणूंना ते फुटत नाही. जंगलात पडलेली झाडे तशीच साठत राहिली असती. पण सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बुरशीच्या एका घराण्याने ते फोडण्याची विद्या मिळवली, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासावरून दिसते. या बुरशीने कुजवलेले लाकूड पांढरे आणि तंतुमय होते, म्हणून तिला पांढऱ्या कुजीची बुरशी म्हणतात. दाजीपूरच्या रानात पावसाळ्यात गेलात तर पडलेल्या खोडावर ती हमखास दिसेल. लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडत असतील तर ती दुसरी जात. गुरुजींनी मुलांना घेऊन जावे आणि हा फरक दाखवावा, फळ्यावर दाखवण्यापेक्षा तो बरा समजतो. फक्त हाती लागलेली छत्री कोणी तोंडात घालणार नाही एवढे पाहावे.

ही विद्या कशी चालते? लाकूड बुरशीच्या तोंडात मावत नाही, तिला तोंडच नाही. ती आपले पाचक रस अंगाबाहेर सोडते आणि बाहेर पचलेले आत ओढून घेते. या रसांतल्या कर्त्या द्रव्यांना विकरे म्हणतात, तुमच्या मुलांच्या पुस्तकात कदाचित एन्झाइम असा शब्द असेल. त्यांतले एक विकर प्रथम सापडले ते बुरशीत नव्हे, तर जपानमध्ये लाखेसारखे रोगण देणाऱ्या झाडाच्या चिकात. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे फ्रान्सच्या गाब्रिएल बर्त्राँ यांनी त्याला लॅकेस हे नाव दिले, आणि थोड्याच वर्षांत ते बुरशीतही असते हे कळले. शंभर वर्षे गेली. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांना, त्यांतली एक मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळा, पांढऱ्या कुजीच्या बुरशीत याहूनही जहाल विकर मिळाले. लिग्निन पेरॉक्सिडेज त्याचे नाव. दोनच वर्षांनी, १९८५ साली, मिशिगनच्या स्टीव्हन ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण धाडसी विचार करून पाहिला. लिग्निन आडवेतिडवे असूनही ही बुरशी ते फोडते, म्हणजे तिची हत्यारे एकाच कुलपाची किल्ली नसून पहारीसारखी आहेत. मग माणसाने बनवलेली न कुजणारी रसायने तिच्यापुढे ठेवली तर? त्यांनी डीडीटी ठेवले, लिंडेन ठेवले, डायॉक्सिन ठेवले. बुरशीने हळूहळू का होईना, ती फोडली.

आता तुमच्या लक्षात आले असेल. लिग्निनमध्ये फेनॉलची कडी, नोनिलफेनॉलमध्ये फेनॉलची कडी, बिसफेनॉलमध्ये तशा दोन कड्या, आणि खुद्द इस्ट्रोजेनमध्येही तीच. ज्या खुणेमुळे ही रसायने कुलपात बसतात त्याच खुणेवर लॅकेस हात घालते. ते त्या कडीतून एक इलेक्ट्रॉन काढून घेते. अस्वस्थ झालेले रेणू मग एकमेकांना चिकटतात, मोठे गठ्ठे होतात, तळाला बसतात. गठ्ठा झालेली किल्ली कुठल्याच कुलपात जात नाही. जिवाणू शेपूट खातात आणि डोके सोडतात, बुरशी डोक्यालाच धरते.

२००१ साली जपानमध्ये त्सुत्सुमी, हानेदा आणि निशिदा यांनी बिसफेनॉल-ए आणि नोनिलफेनॉल या दोघांवर बुरशीची विकरे चालवून पाहिली. तासाभरात दोन्ही रसायने पाण्यातून जवळजवळ नाहीशी झाली. एखादा इथेच थांबला असता आणि यशाची बातमी छापून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र त्या पाण्याचा संप्रेरकासारखा गुण गेला का हेही तपासले, आणि तो बराचसा शिल्लक होता! रसायन मोडले, पण त्याचे तुकडे अजून किल्लीचे काम करीत होते. मिश्रण बारा तास ठेवले तेव्हा तो गुण बहुतेक गेला. मला हा प्रयोग फार आवडतो. काय गेले ते मोजणे सोपे, काय राहिले ते मोजायला चिकाटी लागते.

कोल्हापूरचे काय? १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभाग आहे. तिथे डॉ. संजय गोविंदवार, डॉ. ज्योती जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापडाच्या रंगांवर सूक्ष्म जीव चालवण्याचे काम अनेक वर्षे केले. त्यांचा रोख होता रंगांवर, हे स्पष्ट सांगतो. रंग आणि संप्रेरक बिघडवणारी रसायने एकच नव्हेत. पण हत्यारे तीच, लॅकेस आणि लिग्निन पेरॉक्सिडेज. २००६ मध्ये त्यांनी पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट, म्हणजे बुरशीचेच भावंड, मॅलॅकाइट ग्रीन या हिरव्या रंगावर चालवलेले प्रसिद्ध झाले. हा रंग मत्स्यशेतीत माशांच्या अंगावरची बुरशी मारायला वापरीत, आणि इथे बुरशीच्या भावंडानेच त्याचा निकाल लावला. त्याच सुमारास अ‍ॅस्परजिलस ओक्रेशियस या बुरशीवरचे काम झाले, आणि २००८ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीने कॉटन ब्लू या निळ्या रंगाचे विघटन केल्याचे छापून आले.

पेनिसिलियम हे नाव ओळखीचे वाटले ना? पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात याच घराण्यातली बुरशी वाढवून पेनिसिलिन काढले जाई. बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवणे ही महाराष्ट्राला नवी विद्या नाही. त्या अ‍ॅस्परजिलसला १९४६ हा क्रमांक नव्हे, ११४६ हा क्रमांक आहे, आणि तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातला. बियाण्याची कोठी असते तशी ही बुरशींची कोठी. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे. ज्वारीवरच्या चिकट्या-अरगट रोगाचा १९२० च्या दशकात अभ्यास करणाऱ्या आजरेकरांचे नाव त्याला दिलेले आहे. रोगाच्या बुरशीचा अभ्यास करणाऱ्यांनी लावलेली ही शिस्त, नमुना जपणे, क्रमांक देणे, दुसऱ्याला मागितल्यावर देणे, तिच्यामुळे कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या बुरशी मिळाली.

विद्यापीठातल्या या प्रयोगांची एक रीत खेड्यातल्या माणसाला पटेल अशी आहे. रंग गेला एवढ्यावर ते थांबत नाहीत. प्रक्रिया केलेल्या पाण्यात गहू, ज्वारी यांसारखे नेहमीचे बियाणे भिजवतात, रंगाच्या पाण्यात वेगळे भिजवतात, आणि कोंब किती आले, मूळ किती लांब गेले ते मोजतात. बियाणे खोटे बोलत नाही.

मग, एवढे सगळे आहे तर काळ्या ओढ्यात बुरशी सोडत का नाही, असा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. तो रास्त आहे. उत्तर असे की बाटलीतली बुरशी आणि ओढ्यातली बुरशी यांत अंतर फार. बाटलीत ती एकटी असते, पाणी उकळून निर्जंतुक केलेले, आंबटपणा तिच्या सोयीचा, साखर तिच्यापुरती. ओढ्यात कोट्यवधी जिवाणू असतात, ते तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात आणि तिचे जेवण आधी फस्त करतात. कापडाच्या सांडपाण्यात क्षार फार, ते बरेचदा आंबट नव्हे तर तुरट-खारे असते, आणि बुरशीला थोडा आंबटपणा आवडतो. शिवाय ती सावकाश काम करते. कारखान्याचे पाणी तासावर वाहते, बुरशीचे काम दिवसावर चालते. नुसते विकर काढून वापरावे तर त्याची किंमत येते. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या मंडळींनी रंगीबेरंगी पट्ट्यांच्या ट्रॅमेटीस नावाच्या बुरशीच्या गोळ्या करून त्या वाहत्या टाकीत ठेवल्या, आणि २०१४ मध्ये रुग्णालयाच्या निर्जंतुक न केलेल्या सांडपाण्यावर त्या चालवून दाखवल्या. औषधांचे पुष्कळ अंश निघाले. पण ती टाकी प्रयोगशाळेतली, एका शहराच्या सांडपाण्याची नव्हे. तेव्हा कोणी धिंगरी अळिंबीचे बियाणे आणून नदीत ओतेल तर पैसे पाण्यात जातील, अगदी शब्दशः.

माझ्या मते बुरशीची खरी जागा पाण्यापेक्षा गाळात आणि मातीत आहे. नोनिलफेनॉल गाळाला चिकटते हे मघाशी सांगितले. गाळ वाहून जात नाही, त्याला आठवडे देता येतात. बुरशीला बसायला काड्या-चिपाडे लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात चिपाडाला तोटा नाही. पाचट पेटवून न देता सरीत कुजवणारा शेतकरी नकळत याच विद्येचा उपयोग करीत असतो. धिंगरी तर भाताच्या पेंढ्यावर वाढते, आणि तिचीही विकरे बिसफेनॉल फोडतात हे जपानमध्ये २००० साली दिसून आले आहे. शुद्धीकरण केंद्राचा गाळ चिपाडात मिसळून, बुरशी लावून, आधी आणि नंतर मोजून पाहणे हे काम एखाद्या महाविद्यालयालाही झेपेल. अशा गाळावर आलेली अळिंबी मात्र खायची नाही, हे पुन्हा सांगतो.

आणि एअर नदीचे पुढे काय झाले? तिथे बुरशी आणली नाही. काठावरच्या गिरण्यांनी १९९० च्या दशकात ते द्रव्य वापरणे कमी केले, दुसरे घेतले. पुन्हा पिंजऱ्यात मासे घालून पाहिले, तेव्हा नरांच्या रक्तातले बलकाचे प्रथिन उतरलेले होते. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडने तर गिगर यांच्या शोधानंतर दोन-तीन वर्षांतच घरगुती धुलाईच्या पावडरीतून ते काढून टाकले. युरोपीय संघाने २००३ मध्ये आपल्या गिरण्यांना बंधन घातले, पण बाहेरून येणाऱ्या कापडात ते येतच राहिले. कपडा युरोपात धुतला की द्रव्य तिकडच्या नदीत. म्हणून त्यांनी दुसरा नियम केला, आणि फेब्रुवारी २०२१ पासून ज्या धुण्यासारख्या कापडात ते शंभर ग्रॅममागे शतांश ग्रॅम किंवा अधिक असेल ते कापड तिथे विकता येत नाही. म्हणजे तिकडच्या नदीसाठी इकडच्या प्रोसेस हाऊसमध्ये द्रव्य बदलावे लागते. एकदा बदलता आले, तर ते गावच्या बाजारात विकायच्या कापडासाठीही बदलता येईल. पंचगंगेला तो नियम परदेशी कापडापुरताच का?

या प्रश्नाला पाण्याच्या भांडणाचीही बाजू आहे. पंचगंगेच्या काठावर वसलेल्या इचलकरंजीला प्यायचे पाणी कृष्णेवरून आणावे लागले. २०२३ साली दूधगंगेच्या सुळकूड योजनेवरून कागल भागातले शेतकरी आणि इचलकरंजीचे नागरिक समोरासमोर उभे राहिले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, एकाला पिकाची काळजी, दुसऱ्याला घशाची. पण दोघांच्या मधून वाहणारी तिसरी नदी कोणी मोजली नाही. तुमच्या गावच्या ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा कागद येतो. त्यावर जंतू असतात, क्षार असतात, रंग आणि गढूळपणा असतो. पुढच्या सभेत तो कागद हातात घ्या, आणि शाळेच्या गुरुजींकडून वाचून घ्या, त्यात कशाकशाचा रकाना आहे आणि कशाचा नाही.